माजी राष्ट्रप्रमुख: खटला की माफी?
भाची चर्चगेटच्या लॉ कॉलेजात शिकते. वादविवादासाठी बाजू ठरेना. वहीत दोनदा लिहून दोनदा खोडलेलं. म्हटलं, “मावशीचं ऐक.”

वेळ पाहिला तर माफी एका सहीचं काम. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ रोजी आधीचे अध्यक्ष निक्सन यांना माफी दिली; त्यांच्यावरचे आरोप कोर्टात तपासलेच गेले नाहीत. मला हे आजही खटकतं.

खटल्याला मात्र भक्कम पुरावा हवा. इंदिरा गांधींना ३ ऑक्टोबर १९७७ रोजी अटक झाली, दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी पुराव्याअभावी सोडलं. सहानुभूती मिळाली ती त्यांनाच; १९८० मध्ये त्या पुन्हा पंतप्रधान.

पुरावा पक्का असेल तर खटलाच चालवावा. देशातला तणाव निवळायला हवा असेल तर माफी, पण दक्षिण कोरियाने २०२१ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना दिली तशी, शिक्षा झाल्यावर.