बीटचा रस की कोको? लाँग रन करणाऱ्यांसाठी

जानेवारीची मुंबई मॅरेथॉन जवळ आली की आमच्या रनिंग ग्रुपवर हार्टसाठी बीटचा रस घ्यावा की कोको, हा प्रश्न हमखास येतो. बरेच जण चाळिशी ओलांडलेले, टायमिंगपेक्षा हार्टची काळजी जास्त. मी दोन्ही बऱ्यापैकी काळ घेतलंय, म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

पळतो म्हणजे हार्ट ठणठणीत असं काही नसतं हे एकदा बोलून ठेवतो. ब्लॉकेज असेल तर बीट पण नाही आणि कोको पण नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. आणि बीपीची गोळी चालू असेल तर यातलं काहीही सुरू करण्याआधी त्यांना विचारा. आपला विषय एवढाच की रक्तवाहिन्या जरा लवचिक राहाव्यात, बीपी थोडं खाली यावं.

कागदावर बघाल तर बीट पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. 2009 मध्ये एक्सेटर युनिव्हर्सिटीच्या अँड्र्यू जोन्स यांच्या टीमने दाखवलं की रोज अर्धा लिटर रस घेतल्यावर त्याच व्यायामाला ऑक्सिजन कमी लागतो, तेव्हापासून हे बीटचं वेड सुरू झालं. वरचं बीपी साधारण 4-5 पॉइंटने उतरतं, कोकोने जेमतेम 2. पण ऑक्सिजनवाला फायदा जो आधीच खूप ट्रेन झालाय त्याला कमी दिसतो, म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षं फुल मॅरेथॉन करत असाल तर फार आशा ठेवू नका.

शिवाय बीटचं सगळं वेळेवर चालतं. त्यातल्या नायट्रेटचं रूप तोंडातले बॅक्टेरिया बदलतात, मग पुढे त्याचं नायट्रिक ऑक्साइड होऊन रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि खरा जोर यायला दोन-तीन तास जातात. आता आपण उन्हाच्या आणि ट्रॅफिकच्या भीतीने पहाटे पाचला शिवाजी पार्कहून निघणार, मग रस काय अडीचला उठून प्यायचा? पार्काबाहेरचे रसवाले तर आपण पळून आल्यावर भेटतात. आणि हो, मेडिकेटेड माउथवॉश वापरत असाल तर ते बॅक्टेरियाच मरतात, मग रस पिऊन उपयोग काय.

हे सगळंही मी चालवून घेतलं असतं. माझं बिनसलं ते रंगावरून. बीट खाल्ल्यावर 10 ते 14 टक्के लोकांची लघवी लाल होते, मी त्यातला एक. एरवी ठीक आहे हो, पण लाँग रननंतर खरंच लघवीतून रक्त जाऊ शकतं, बहुतेकदा दोन-तीन दिवसांत थांबतं पण लक्ष ठेवावं लागतं, आणि स्नायू फारच झिजले तर लघवी कोलासारखी काळपट होते, ते तर सरळ किडनीवर येतं आणि हॉस्पिटल गाठावं लागतं. मुंबईच्या दमट हवेत घामाने आपण असेही पिळून निघालेलो असतो, लघवी आधीच गडद. अशात घरी येऊन कमोडमध्ये बघितलं की लालसर, आणि आपण भिंतीला हात टेकून विचार करतोय की हे बीट का दुसरं काही? बाहेरून बायको विचारणार, "बीटच ना रे नक्की?" आता मी काय सांगू, मलाच माहीत नाही. जी एक खूण शरीर फुकटात देतं तीच पुसून टाकणारी गोष्ट मला नको वाटली. तुमची लघवी लाल होत नसेल तर हा मुद्दा सोडून द्या. पण किडनी स्टोनचा त्रास असेल तर बीटमध्ये ऑक्झलेटही (ज्याचे खडे होतात ते) भरपूर असतं हे धरून चाला.

कोकोचं मात्र वेळेचं झंझट नाही, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर घेतला तरी चालतं. पुरावा कसा आहे तर, अमेरिकेतल्या कॉसमॉस ट्रायलमध्ये 21,000 च्या वर ज्येष्ठ मंडळींना रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉलच्या (कोकोतला रक्तवाहिन्यांना उपयोगी मानला जाणारा घटक) कॅप्सूल किंवा नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या, 2022 मध्ये निकाल आला. हार्टचे एकूण प्रॉब्लेम ठोस म्हणावे इतके काही घटले नाहीत, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र 27 टक्के कमी दिसले. पण ट्रायलचा मुख्य प्रश्न मृत्यूंचा नव्हता, आणि ही माणसं रनर पण नव्हती, त्यामुळे मी फार उड्या मारत नाही.

घेताना फक्त पावडर बघून घ्या. डब्यावर अल्कलाइज्ड किंवा डच प्रोसेस्ड लिहिलं असेल तर ठेवून द्या, त्यात फ्लॅव्हॅनॉल बरेच उडालेले असतात. क्रॉफर्ड मार्केटला केकचं सामान मिळतं तिथे सुट्टी पावडर असते, पण गडद काळपट दिसली की मी घेत नाही, फिकट तांबूस आणि चवीला आंबटसर ती बरी. चॉकलेट ड्रिंकचे डबे तर विसराच, ती साखर आहे. आणि रनर लोकांची सवय म्हणजे सगळ्यात केळं घालायचं, तर ते कोकोत नको. 2023 च्या एका अभ्यासात केळ्याच्या स्मूदीबरोबर फ्लॅव्हॅनॉल घेतल्यावर ते रक्तात 84 टक्के कमी पोचले. केळं पळून आल्यावर खा, कोको नंतर कधीतरी.

कडू लागतो, खोटं नाही बोलणार. मी गरम पाण्यात एक मोठा चमचा आणि चिमूटभर दालचिनी घालतो. कोकोत कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो म्हणून वाट्टेल तेवढा ढोसू नका, आणि झोप नाजूक असेल तर रात्री उशिरा टाळा.

नायट्रेट हवंच वाटत असेल तर पालक आणि मुळ्यात ते भरपूर असतं आणि रंगाची भानगड नाही. पालक उकळून पाणी फेकू नका, नायट्रेट त्या पाण्यातच जातं.