मोनोलिथ की मायक्रोसर्व्हिसेस? बिलिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या टीमसाठी

समजा, तुमची आठ-दहा जणांची टीम आहे. वितरकांसाठी बिलिंग, स्टॉक, उधारी आणि जीएसटी सांभाळणारं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं आहे. सगळं एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये ठेवायचं, म्हणजे मोनोलिथ? की बिलिंग, स्टॉक, उधारी असे वेगवेगळे प्रोग्रॅम करायचे, प्रत्येकाला आपला डेटाबेस द्यायचा आणि ते नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतील असं बघायचं, म्हणजे मायक्रोसर्व्हिसेस? माझं मत आधीच सांगतो: अ‍ॅप्लिकेशन एकच ठेवा, पण आतली मॉड्यूल काटेकोरपणे वेगळी ठेवा. हिशोबाच्या सॉफ्टवेअरला हेच मानवतं.

बिल सेव्ह होताना

निर्णय खरं तर इथेच होतो. एक बिल सेव्ह झालं की बिलाला क्रमांक मिळतो, स्टॉक कमी होतो आणि दुकानदाराच्या खात्यावर रक्कम चढते. डेटाबेस एक असेल तर ही तिन्ही कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात. मध्येच वीज गेली तरी एकतर तिन्ही झालेली असतात, नाहीतर एकही नाही. ही हमी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल देतं, तुम्हाला त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही.

तीन सर्व्हिसेस केल्या की ही हमी संपते. स्टॉक वजा झाला आणि उधारीची सर्व्हिस बंद पडली, तर स्टॉक परत जमा करणारा कोड तुम्हीच लिहायचा. याला सागा म्हणतात. गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी ती कल्पना १९८७ मध्ये मांडली. पद्धत पक्की आहे, पण प्रत्येक पायरीला तिची उलट पायरी लागते. शिवाय तोच निरोप दोनदा पोचला तर रक्कम दोनदा चढू नये, ही काळजी वेगळी. त्यात जीएसटीच्या नियमानुसार बिलांचे क्रमांक सलग हवेत आणि रद्द झालेल्या क्रमांकांचा हिशोब जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात द्यावा लागतो. अर्धवट पडलेल्या बिलांचा निस्तार शेवटी तुमच्या ग्राहकाच्या अकाउंटंटला करावा लागेल.

उपलब्धतेचं गणितही बघा. एखादी सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तर वर्षात ती साधारण पावणेनऊ तास बंद असते. अशा दहा सर्व्हिसेस एकापुढे एक जोडल्या आणि प्रत्येक बिलाला दहाही लागत असतील, तर एकूण भरवसा ९९ टक्क्यांवर येतो. म्हणजे वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त बंद.

टेस्टिंग

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. २१ तारखेला विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी. मोनोलिथमध्ये हे एकाच टेस्टमध्ये तपासता येतं: बिल करा, माल परत घ्या, खात्यावरची बाकी बघा. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ती काही सेकंदांत चालते.

मायक्रोसर्व्हिसेसमध्ये यासाठी कॉन्ट्रॅक्ट टेस्ट लिहितात; पॅक्ट हे त्यासाठीचं प्रसिद्ध टूल. दोन सर्व्हिसेसमधल्या निरोपाचा साचा जुळतो का, हे त्या उत्तम सांगतात. त्या साच्यातून आलेला दर जुना की नवा, हे मात्र सहसा त्यांच्या कक्षेत येत नाही. ते बघायला सगळ्या सर्व्हिसेस एकत्र उभ्या कराव्या लागतात आणि त्यांच्या आवृत्त्याही जुळाव्या लागतात. आवृत्त्यांची सरमिसळ किती महाग पडते ते नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने दाखवलं. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नव्हता. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या घरात नुकसान झालं. मायक्रोसर्व्हिसेसमध्ये वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी चालणं ही रोजची गोष्ट असते, आणि ते सांभाळायला स्वतंत्र माणसं लागतात.

लोड वाढला तर

जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि कर भरायच्या जीएसटीआर-३बी ची २० तारीख जवळ आली की रिपोर्ट काढणाऱ्यांची गर्दी होते. त्यावर मोनोलिथच्या आणखी प्रती लोड बॅलन्सरमागे, म्हणजे काम वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे, उभ्या करता येतात. अडतो तो बहुधा डेटाबेस. तिथे आधी इंडेक्स तपासा, मग रिपोर्ट वाचायला रीड रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची फक्त वाचायची प्रत, द्या. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साइट अनेक वर्षं मोनोलिथवर आणि मोजक्या वेब सर्व्हरवर चालली.

मायक्रोसर्व्हिसेसची खरी ताकद मोठ्या संस्थेत दिसते. ऑगस्ट २००८ मध्ये डेटाबेस बिघडून नेटफ्लिक्सचं डीव्हीडी पाठवणं तीन दिवस थांबलं. त्यानंतर त्यांनी सगळी यंत्रणा नव्याने बांधत क्लाउडवर नेली; ते काम जानेवारी २०१६ मध्ये संपलं. असंख्य टीमनी एकमेकांसाठी न थांबता रिलीज करायचं असेल, तर हा मार्ग योग्यच आहे. उलट अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमने २०२३ मध्ये सांगितलं की, व्हिडिओची गुणवत्ता तपासणारी आपली यंत्रणा सुट्या भागांतून एका प्रोसेसमध्ये आणल्यावर तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. हे एका यंत्रणेपुरतं होतं, पूर्ण प्राइम व्हिडिओबद्दल नव्हे.

एकच, पण आतून वेगळं

मोनोलिथचा धोकाही खरा आहे. शिस्त नसेल तर बिलिंगचा कोड थेट स्टॉकच्या टेबलांत लिहायला लागतो, आणि दोन वर्षांनी कशालाही हात लावायची भीती वाटते. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम करा: दुसऱ्या मॉड्यूलच्या टेबलांना हात नाही, फक्त त्याची ठरलेली फंक्शन्स वापरायची. हे माणसांच्या आठवणीवर सोडू नका. शॉपिफायने रुबीसाठी पॅकवर्क याच कामाला केलं, जावासाठी आर्कयुनिट आहे. सीमा मोडली की बिल्ड फेल व्हायला हवा.

एक काम मात्र सुरुवातीलाच वेगळ्या वर्करकडे, म्हणजे मागे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे, द्या: ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना तो बंधनकारक आहे, आणि पोर्टल तुमच्या हातात नाही. ते मंदावलं तर त्या बिलाची प्रिंट आयआरएन (पोर्टलने बिलाला दिलेला क्रमांक) येईपर्यंत थांबेल, पण मागची बिलं अडकायला नकोत. विनंती रांगेत टाका, वर्करला पुन्हा पुन्हा प्रयत्न करू द्या.

बाकीचं फोडण्याची वेळ येईल ती लोड वाढल्यापेक्षा टीम वाढल्यावर. दोन टीम आपापल्या रिलीजसाठी महिनोन्महिने एकमेकींची वाट बघत असतील, तर त्यातलं एक मॉड्यूल बाहेर काढा. आधी त्याची टेबलं वेगळ्या स्कीमामध्ये (त्याच डेटाबेसमधल्या वेगळ्या कप्प्यात) हलवा, काही रिलीज तसेच चालवून बघा आणि मगच वेगळी सर्व्हिस करा.