जुनी जीएमसी मोटरहोम: ओढून आणावी, जागेवर खोलावी की सुटे भाग घ्यावेत?

जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत जेमतेम तेरा हजार मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, बांधल्या. त्यातली एखादी आजही अमेरिकेत पळती ठेवणाऱ्याला कधी ना कधी दुसऱ्या एखाद्या मेलेल्या गाडीचा पत्ता लागतोच. कुणाच्या तरी शेतात वर्षानुवर्षं उभी, मालकाला जागा मोकळी हवी, भाव जवळपास भंगाराचा. मग तीन वाटा असतात. अख्खी गाडी घरी ओढून आणायची, चार-पाच हौशी मंडळींनी मिळून जागेवरच खोलायची, किंवा या भानगडीत न पडता ज्याने खोलली आहे त्याच्याकडून लागेल तेवढाच भाग घ्यायचा.

किमतीची तुलना नंतर करा. निर्णय ठरतो तो दोन गोष्टींवर: हवा असलेला भाग नवा मिळतो का, आणि उरलेला सांगाडा कुठे जाणार.

कशासाठी घाम गाळावा

या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं चालवणारी यंत्रणा ओल्ड्समोबील टोरोनाडो या मोटारीतून आली. त्यामुळे बेअरिंग, बॉल जॉइंट, ब्रेकचे भाग, चाकाच्या दांड्यावरच्या सीव्ही जॉइंटची रबरं, वॉटर पंप, क्वाड्राजेट कार्बुरेटरचा दुरुस्ती संच हे सगळं नवं मिळतं. मागच्या चाकांवर स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर बॅगा, त्याही नव्या मिळतात. जुन्या गाडीतलं रबर फुकट मिळालं तरी महागच पडतं. ते सोडून द्या.

बॉडीचं तसं नाही. ती फक्त याच गाडीची. खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी, प्रवेशाचा दरवाजा कुलूप-बिजागऱ्यांसकट, दोन भागांतली पुढची काच, फायबरग्लासचे पुढचे-मागचे भाग, डॅशबोर्डची पॅनेल्स, बाहेरची झाकणं आणि त्यांच्या कड्या, वेळ द्यायचा तो यांना. चौकट काढताना पटाशीने उचकटू नका. अ‍ॅल्युमिनियम एकदा वाकलं की पुन्हा सरळ बसत नाही. आधी सगळे स्क्रू काढा, मग जुना सीलंट पातळ पात्याने चहूबाजूंनी कापत जा.

इंजिन जाम असलं तरी त्याचं ऑइल पॅन आणि आतला तेल ओढणारा पाइप सोडू नका. उजव्या चाकाचा दांडा इंजिनाखालून जातो, म्हणून हे पॅन वेगळ्या आकाराचं आहे. मागची चाकं चालवणाऱ्या ओल्ड्समोबीलचं इंजिन या गाडीत घालायचं, तर पॅन इथूनच लागतं. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उचलण्याआधी वायर ब्रश मारून भेगा पाहा, त्या हमखास सापडतात.

अख्खं इंजिन घ्यायचं असेल तर आधी कोणतं ते बघा. सुरुवातीच्या गाड्यांत ४५५ घनइंचांचं, म्हणजे साडेसात लिटरचं इंजिन आहे. १९७७ च्या सुमारास त्याच्या जागी ४०३ आलं. ४०३ च्या ब्लॉकमध्ये क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या भिंतींना खिडक्या ठेवलेल्या आहेत, म्हणजे त्या भिंती कमी भक्कम; त्यामुळे दोन्ही सारख्याच स्थितीत मिळाली तर आम्ही ४५५ उचलू. बॅटरी लावून थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने फिरवून बघा. फिरलं तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७० टक्क्यांखाली नसावा, आणि कुठलाही सिलिंडर १०० पीएसआयच्या खाली नसावा. सिलिंडरमध्ये नुकतंच तेल सोडलेलं असेल तर आकडे फुगून येतात, म्हणून आधी प्लग काढूनच काही फेरे मारून ते तेल बाहेर उडू द्या.

मूळची साडेसोळा इंची चाकं भंगारात गेली तरी चालतील. त्या मापाचे चांगले टायर मिळणं अवघड झालं आहे. साडेसोळाच्या रिमवर १६ इंची टायर चढवण्याचा प्रयोग कुणी करू नये. रिमची बैठक वेगळ्या कोनाची असते आणि हवा भरताना टायर फुटून माणसं मेली आहेत. गाडीवर आधीच १६ इंची अ‍ॅल्युमिनियमची चाकं असतील, तर मात्र सौदा तिथेच अर्धा वसूल.

ओढून आणली तर

फायदा एकच, पण मोठा: घाई नाही. गंजलेला बोल्ट आज सुटला नाही तर त्याला तेल पाजून पुढच्या शनिवारी सोडवता येतो, आणि कुठली वायर कुठे जाते ते गाडी समोर असताना बघता येतं. वायरिंग किंवा डॅशबोर्ड पूर्ण बदलायचा असेल तर हीच वाट बरी.

गाडी पाच टनांच्या घरातली, तेव्हा साधा टो-ट्रक चालत नाही. ती पुढच्या चाकांवर चालत असल्याने पुढची बाजू उचलून मागच्या चाकांवर ओढता येते; पण मागच्या एअर बॅगा बसलेल्या असतील तर टायर बॉडीला घासतो का ते निघण्याआधी पाहा. आणि घरी आणून ठेवणार कुठे? एचओए, म्हणजे घरमालकांची नियम लावणारी संघटना, असलेल्या वसाहतीत राहत असाल तर हा पर्याय इथेच खोडा. वसाहत नसली तरी बंद गाडी आवारात दिसली की नगरपालिकेची नोटीस येऊ शकते. अशा सांगाड्यांची खरी किंमत पहिल्या उत्साहानंतर कळते.

जागेवर खोलली तर

इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीचे भाग वेगवेगळ्या लोकांना हवे असतील तर हा मार्ग आम्हाला सर्वात पटतो. अट अशी की जमीन पक्की हवी आणि शेवटी सांगाडा उचलायला कोण येणार ते आधी ठरलेलं हवं.

क्रम चुकला की दिवस वाया जातो. आठवडाभर आधी कुणीतरी जाऊन बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारून यावं. उंदरांची घाण असेल तर झाडू नका. अमेरिकेत त्यातून हंताव्हायरसचा धोका असतो. एका भागाला नऊ भाग पाणी घालून ब्लीच फवारा, पाच मिनिटं भिजू द्या, मग मास्क आणि हातमोजे घालून पुसून घ्या. बॅटरी आणि गॅसची टाकी सोडवा. पेट्रोलच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करा, पण रिकामी टाकी जास्त घातक हे लक्षात ठेवा: आत वाफ उरते, म्हणून जवळ ग्राइंडर चालवायचा नाही. एसीचा गॅस हवेत सोडणं बेकायदा आहे, तो परवानाधारकाकडून काढून घ्या. शोषण पद्धतीच्या फ्रिजच्या नळ्या कापू नका, आत अमोनिया असतो.

मग आतलं सामान, काचा, चौकटी, आणि शेवटी इंजिन. ४५५ एकटंच पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतं. ते खालून काढायचं तर गाडी बरीच उंच उचलावी लागते. फ्रेमखाली जाड लाकडांची चौरस रास लावा. एअर बॅगांच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जायचं नाही. पुढच्या टॉर्शन बारमध्ये, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळाच्या दांड्यांत, ताण साठलेला असतो, तो त्याच्या खास अवजारानेच उतरवा, हातोड्याने नाही. डावा-उजवा बार अदलाबदल होत नाही, काढल्या काढल्या खूण करा. गिअरबॉक्स वेगळा केलात तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर निसटू नये म्हणून पट्टी बांधा. चाकं सगळ्यात शेवटी. सांगाडा ट्रकवर चढवायला तो फिरायला हवा, म्हणून चांगली चाकं काढून त्या जागी टाकाऊ चाकं लावून द्या.

वाटणी आधी कागदावर करा. प्रत्येकाने हवे ते भाग क्रमाने लिहायचे, एकच भाग दोघांना हवा असेल तर चिठ्ठी टाकायची. इंजिन नेणाऱ्याने सांगाड्याच्या विल्हेवाटीचा खर्च जास्त उचलावा. दरवाजाची कडी नेणाऱ्याकडून तेवढाच वाटा मागणं बरं नाही.

सुटा भाग घेतला तर

दोन-तीनच गोष्टी हव्या असतील तर यासारखं स्वस्त काही नाही, भाव चढा वाटला तरी. फोटो मागवताना मागची बाजू आणि बोल्टची भोकं दाखवायला सांगा, कारण तुटलेले आटे पुढून दिसत नाहीत. गाडीत वीज पुरवणारा ओनान कंपनीचा जनरेटर घ्यायचा तर नुसता चालू झालेला बघून पैसे देऊ नका, त्यावर एसी किंवा हीटर लावून व्होल्टेज टिकतं का ते बघा. फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांकडे जाणारा शेवटचा गिअर, मूळचा ३.०७ गुणोत्तराचा असतो, पण अनेकांनी चढावासाठी बदलून घेतला आहे, तेव्हा विकणाऱ्याला आकडा विचारा.

पहिल्या दोन वाटांसाठी गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, पैसे देण्याआधी हातात घ्या. ते नसेल तर बऱ्याच ठिकाणी भंगारवाला सांगाडा उचलत नाही, आणि मग मालक तुमच्याच दाराशी येतो. टायटल असेल तर सांगाडा नेणाऱ्याकडून तारीख आणि चासी नंबर लिहिलेली पावती घेऊन एक प्रत मालकाला द्या.