कल्टार: हापूसला द्या, नीलमला नको

पाऊस सुरू झाला की नागपूरच्या कृषी केंद्रांवर आंब्यासाठी पॅक्लोब्युट्राझॉल 23 टक्क्यांची बाटली मागितली जाते. कंपनी कुठलीही असो, बोलताना सगळे 'कल्टार'च म्हणतात. औषध चांगलं आहे, पण जात पाहूनच घ्यावं.

झाडात जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, तयार होणं हे औषध अडवतं. पालवी थांबते, काडी पक्व होते आणि मोहोर लवकर येतो. हापूस, लंगडा, दशहरी एक वर्ष लदबदतात आणि पुढच्या वर्षी रुसतात, कारण भरघोस फळानंतर नवी काडीच कमी फुटते. इथे पैसे वसूल होतात. नीलम, तोतापुरी मात्र मुळातच दरवर्षी मोहोरतात. दशहरी आणि नीलमच्या संकरातली आम्रपालीही तशीच, शिवाय बुटकी. अंगणातल्या झाडासाठी तीच घ्यावी, बाटलीची गरजच पडत नाही.

मात्रा झाडाच्या फांद्यांच्या घेराच्या व्यासावर ठरते, मीटरला 3 मिली. पूर्व-पश्चिम 6 आणि दक्षिण-उत्तर 8 मीटर असेल तर सरासरी 7, म्हणून 21 मिली. ते 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध गोलाकार 25-30 भोकं पाडून ओतायचं. भोकं 10-12 सेंटीमीटर खोल. जमिनीत ओल हवीच. काळ्या मातीला भेगा पडल्यावर ओतलं तर औषध मुळांना चुकवून खाली जातं. दहा वर्षांखालचं किंवा रोगट झाड असेल तर अजिबात नको.

औषध देण्याची कोकणातली 15 जुलै ते 15 ऑगस्टची तारीख इथे नागपूरकडे घाईने पाळू नये असं आमचं मत. लवकर दिलं तर मोहोरही लवकर येतो. मोहोर डिसेंबरच्या थंडीत वाढला तर त्यात नर फुलं जास्त, फळ धरणारी संयुक्त फुलं कमी. लंगडा-दशहरीची आणखी एक अडचण औषधाने सुटत नाही: स्वतःच्या परागावर ती नीट धरत नाहीत, जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं.

मात्रा जास्त झाली की काड्या आखडतात, मोहोर गच्च होतो, आणि त्या दाटीत तुडतुडे किडीवरची व भुरी या बुरशीच्या रोगावरची फवारणी आत पोचत नाही. औषध मातीत टिकतं, त्यामुळे पुढच्या वर्षी मात्रा कमी करा, शेणखत वाढवा आणि त्या आळ्यात वांगी, पालक लावू नका.