पॅरिसहून एक दिवस पायी भटकायचं तर रुआँ की स्ट्रासबर्ग?

आमच्याकडे पॅरिसला येणारे पाहुणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास विचारतात, की पॅरिस झालं, आता एखादं जुनं गाव दिवसभरात पायी बघून होईल का. माझ्याकडे दोनच नावं असतात, रुआँ आणि स्ट्रासबर्ग. दोन्हीकडे लाकडी सांगाड्याची जुनी घरं, दोन्हीकडे एक अवाढव्य कॅथेड्रल, आणि गंमत म्हणजे दोन्ही कॅथेड्रल कधीतरी जगातली सगळ्यात उंच इमारत होती, स्ट्रासबर्गचं 1647 ते 1874 आणि रुआँचं 1876 ते 1880. त्यामुळे फोटो बघून ठरवायला गेलात तर काहीच ठरणार नाही.

आधी ट्रेनचं. रुआँला सँ-लझार स्टेशनवरून साधारण सव्वा ते दीड तास, स्ट्रासबर्गला गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने पावणेदोन तासांच्या आसपास. वेळेत फार फरक नाही, पण टीजीव्हीचं तिकीट आयत्या वेळी काढलं की डोळे पांढरे होतात. सकाळी उठून ठरवणाऱ्यांनी सरळ रुआँ धरावं.

रुआँचं मला काय आवडतं, तर सगळं ओळीने येतं, मॅप उघडावाच लागत नाही. स्टेशनवरून खाली उतरत गेलं की जुन्या बाजाराचा चौक, इथे 30 मे 1431 ला जोन ऑफ आर्कला जाळलं. तिथलं चर्च 1979 चं, उलट्या होडीसारखं, बाहेरून बघून मी नाकच मुरडलं होतं, पण आत गेले आणि गप्प बसले, कारण एक अख्खी भिंत 16व्या शतकातल्या रंगीत काचांची आहे. त्या काचा मूळच्या ज्या चर्चच्या, ते 1944 च्या बॉम्बफेकीत गेलं, काचा युद्धाच्या सुरुवातीलाच काढून ठेवलेल्या म्हणून वाचल्या. पुढे सरळ चालत राहिलं की रस्त्यावरच्या कमानीवर ते प्रसिद्ध घड्याळ, काटा एकच! तासाचा. कमानीखाली उभं राहून मान वर करा, दगडात मेंढपाळ आणि मेंढ्या कोरल्यात, लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालेलं गाव आहे हे, आणि बहुतेक लोक घड्याळाचा फोटो काढून खालून तसेच निघून जातात.

मग कॅथेड्रल. चित्रकार मोनेने याच दर्शनी भागाची तीसेक चित्रं काढली, पाच पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहेत, ती आदल्या दिवशी बघून आलात तर मजा दुप्पट. उजवीकडच्या टॉवरला बटर टॉवर म्हणतात, लेंटच्या म्हणजे ईस्टरआधीच्या उपासात लोणी खायची परवानगी हवी असेल तर चर्चला पैसे द्यायचे, त्यातून तो उभा राहिला असं सांगतात. उपासाला काय चालतं यावर घरोघरी वाद घालणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच पटतं. मनोऱ्याचं टोक 151 मीटर, तिथे दुरुस्तीचं काम चालू असताना जुलै 2024 मध्ये आग लागली होती.

आणि मागच्या गल्लीतलं एत्र सँ-माक्लू चुकवू नका. प्लेगच्या वेळचं दफनस्थान, भोवती लाकडी इमारती आणि तुळयांवर कवट्या, हाडं, फावडी कोरलेली, काचेमागे एक वाळलेली मांजरपण आहे. आत जायला पैसे नाहीत. माझ्या सासूबाई दारातूनच परत फिरल्या, ते सोडा.

स्ट्रासबर्ग मात्र पहिल्या नजरेत जिंकतं. जुनं शहर ईल नदीच्या फाट्यांनी वेढलेलं बेट आहे, जवळजवळ सपाट, गुडघे दुखणाऱ्यांना बरं, आणि अगदीच दमलात तर ट्राम आहे. कॅथेड्रल गुलाबी दगडाचं, उन्हात आणि संध्याकाळी रंग वेगळा दिसतो, शिखर 142 मीटर आणि एकच, दुसरं कधी बांधलंच नाही. आतल्या खगोलीय घड्याळात दुपारी साडेबाराला येशूचे शिष्य ओळीने फिरतात आणि कोंबडा आरवतो, त्याला तिकीट लागतं. वर चढायला 332 पायऱ्या. पेटित फ्रान्स हा सगळ्यात फोटोजेनिक भाग, कातडी कमावणाऱ्यांची वस्ती होती, छपरांना मोठी उघडी पोटमाळी दिसतात ती कातडी वाळवायची. नाव किती गोड, पण ते आलंय तिथल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यावरून, त्या रोगाला तेव्हा फ्रेंच रोग म्हणायचे :)

पण एका दिवसात स्ट्रासबर्ग म्हणजे मला नेहमी अर्धं जेवून उठल्यासारखं वाटतं. संध्याकाळी कालव्यावर दिवे लागतात आणि नेमके आपण स्टेशनकडे पळत असतो. रात्र काढणार असाल तर मी डोळे मिटून स्ट्रासबर्ग सांगेन, दुसऱ्या दिवशी ट्रामने ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनीतल्या केलला जाऊन स्वस्तात शाम्पू-क्रीमची खरेदी होते, स्ट्रासबर्गची माणसंच जातात. पण सकाळी जाऊन रात्री परत, तर माझं मत रुआँला.

रविवारी स्ट्रासबर्गची बहुतेक दुकानं बंद, आणि डिसेंबरात ख्रिसमस मार्केटला इतकी गर्दी की चालणं म्हणजे नुसतं ढकलणं. रुआँत पावसाची तयारी ठेवा, तिथल्या पावसामुळे फ्रेंच लोक त्याला नॉर्मंडीचं मुताचं भांडं म्हणतात, मी एकदा छत्रीशिवाय गेले आणि दोन तास क्रेपच्या, म्हणजे पातळ धिरड्यांच्या, दुकानात काढले.

व्हेज लोकांचं रुआँत क्रेप, चीज आणि सफरचंदाच्या टार्टवर भागतं. स्ट्रासबर्गला तार्त फ्लाँबे म्हणजे पातळ कुरकुरीत पिझ्झाच, पण त्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, म्हणून ऑर्डर देतानाच "साँ लार्दाँ", म्हणजे ते तुकडे नकोत, असं म्हणायचं, प्लेट आल्यावर नाही.