ऑटोकॉन्फची ‘न्यूज’ फाइल: अपग्रेडआधी वाचाच

ऑटोकॉन्फ म्हणजे प्रोग्रॅम बिल्ड करण्याआधी सिस्टिम तपासणारी ‘कॉन्फिगर’ शेल-स्क्रिप्ट तयार करणारं साधन. त्याची २.६९ आवृत्ती २०१२ची, २.७० थेट डिसेंबर २०२०ची. मधल्या साठलेल्या बदलांची नोंद सोर्ससोबत येणाऱ्या ‘न्यूज’ फाइलमध्ये आहे. जुनं काय मोडेल ते स्वतंत्र मथळ्याखाली आधीच येतं, हे फार बरं.

सर्वांत कामाचा भाग ‘इफ’बद्दलचा. साध्या शेल-इफमध्ये (स्क्रिप्टमधल्या अटीत) मॅक्रो, म्हणजे तपासणीचा तयार कोड उलगडणारं छोटं नाव, टाकला, की त्याला लागणाऱ्या तपासण्याही त्या इफमध्येच उलगडतात. अट खोटी ठरली तर त्या चालतच नाहीत. पुढचा मॅक्रो मात्र त्या झाल्यात असं धरून चालतो आणि व्हेरिएबल रिकामं निघतं. उपाय: ऑटोकॉन्फचाच अट-मॅक्रो ‘एएस_इफ’ वापरा; तो लागणाऱ्या तपासण्या अटीच्या बाहेर, आधीच उलगडतो. २.७० मध्ये असे छुपे दोष अचानक वर आले.

सी कंपायलर शोधणारा मॅक्रो ‘एसी_प्रॉग_सीसी’ २.७० मध्ये सी भाषेच्या सी-११ प्रमाणापर्यंतचे पर्याय स्वतःच तपासू लागला, त्यामुळे त्याच नावाच्या शेपटीला सी-९९ लावलेला जुना मॅक्रो काढून टाका. जुने मॅक्रो नव्यात बदलणारं ‘ऑटोअपडेट’ बरंच बदलून देतं. नंतर डिफ (काय बदललं त्याची यादी) बघा, मग स्क्रिप्ट नव्याने तयार करणारं ‘ऑटोरीकॉन्फ -एफव्हीआय’ सगळ्या इशाऱ्यांसह चालवा. इशारे बंद ठेवून अपग्रेड करणं म्हणजे शुद्ध आळस.

२.७२ मधली २०३८ची नोंद नीट वाचा: ३२-बिट वेळमोजणी त्या वर्षी संपते. ३२-बिट लिनक्सवर वेळ साठवणारा ‘टाइम_टी’ प्रकार ६४-बिट करणारा पर्याय लायब्ररीत चालू आणि ॲप्लिकेशनमध्ये बंद राहिला, तर स्ट्रक्चरचे आकार जुळत नाहीत. कंपाइल होतं, लिंकही होतं; बिघडतं ते चालताना.

तक्रार एकच: उदाहरणं कमी. त्यासाठी मॅन्युअलमधलं पोर्टेबल शेलचं प्रकरण उघडावंच लागतं.