सोसायटीच्या कमिटीत जायचं की बाहेर राहून काम करायचं?

निवडणूक जवळ आली की बरेच जण विचारतात, उभं राहू का नको. मी पाच वर्षं सेक्रेटरी होतो, त्याआधी नुसता मेंबर, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय.

कमिटीत गेलात की अधिकार मिळतो. नोटीस काढणं, चेकवर सही करणं, थकबाकीवाल्याला पत्र देणं हे कमिटीच करू शकते. पण महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे (कलम ७२) शेवटचा शब्द जनरल बॉडीचाच, म्हणजे सगळ्या मेंबरांच्या सभेचा, आणि निर्णय चुकला तर जबाबदारी मात्र सगळ्या कमिटीच्या अंगावर येते.

पण कारभाराचा प्रत्यक्ष ताबा ही अधिकारापेक्षा वेगळीच गोष्ट आहे आणि ती मला फार उशिरा कळली. निवडून आल्यावर पहिले दोन महिने माझ्याकडे फक्त शिक्का होता, मिनिट्स बुक आधीच्या सेक्रेटरीच्या कपाटात, बिलिंगचा पासवर्ड अकाउंटंटकडे, बँकेचा ओटीपी जुन्याच नंबरवर जायचा, आणि टाकीचा कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा हे एकट्या वॉचमनला माहीत. तो गावी गेला की बी विंगला पाणी नाही आणि फोन मला.

आणि वजन म्हणाल तर आमच्या तळमजल्यावरच्या काकूंचं. त्या कधीच कमिटीत नव्हत्या. ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून मी तीन सर्क्युलर लावली, कोणी ढुंकून बघितलं नाही, काकू मात्र रोज सकाळी घंटागाडीच्या वेळेला खाली उभ्या राहायच्या आणि ज्याने एकत्र आणलं त्याच्याबरोबर स्वतः हात घालून वेगळं करायच्या, एक शब्द न बोलता. महिनाभरात सगळ्यांच्या दोन-दोन बादल्या झाल्या. अर्थात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन काकू मंजूर करू शकत नाहीत.

म्हणून माझं मत असं, की लिफ्ट, लीकेज, रिडेव्हलपमेंट यासाठी धडपड असेल तर उभे राहाच. लोकांची सवय बदलायची असेल तर पद नसलेलंच बरं. हिशेबाबद्दल शंका असेल तर एक पंचमांश मेंबरांनी लेखी मागणी केली की महिन्याभरात स्पेशल जनरल मीटिंग बोलवावीच लागते, त्यासाठी निवडून यायची गरज नाही, आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा असतेच, तिथे कागद मागा.

आलातच निवडून तर चार्ज घेताना यादीवर दोघांच्या सह्या करून घ्या, ओटीपीचा नंबर त्याच आठवड्यात बदला, आणि तो व्हॉल्व्ह एकदा वॉचमनला शेजारी उभं करून स्वतःच्या हाताने फिरवून बघा.